पामेला कोलमन स्मिथ

पामेला कोलमन स्मिथ (१६ फेब्रुवारी, १८७८:लंडन, इंग्लंड – १८ सप्टेंबर, १९५१:ब्यूड, कॉर्नवॉल, इंग्लंड) या चित्रकार, लेखिका व कथाकथनकार होत्या. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रायडर-वेट टॅरो पत्त्यांची चित्रे त्यांनी काढली.

== जीवन ==
स्मिथ यांचे आईवडील अमेरिकन होते. त्यांचे बालपण इंग्लंड व जमैका येथे गेले. १८९३ मध्ये त्यांनी ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला. मात्र पदवी न घेताच त्या बाहेर पडल्या. १८९९ मध्ये जमैकातील लोककथांवर आधारित त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे लंडनमध्ये अभिनेत्री एलेन टेरी यांच्या सहवासात त्यांचा रंगभूमीशी निकटचा संबंध आला. १९०७ मध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी आपल्या न्यू यॉर्क येथील कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या दालनातील छायाचित्रेतर कलेचे ते पहिले प्रदर्शन होते.

== टॅरो पत्ते ==
'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळात स्मिथ यांची ए. ई. वेट यांच्याशी ओळख झाली. वेट यांच्या सांगण्यावरून त्यांनी १९०९ मध्ये काही महिन्यांतच ७८ पत्त्यांची चित्रे पूर्ण केली. या कामाचा मोबदला तुटपुंजा होता.

टॅरोच्या संचात २२ प्रमुख व ५६ गौण पत्ते असतात. पूर्वीच्या बहुतेक संचांत गौण अंकपत्त्यांवर केवळ तितके पेले, तलवारी, दंड किंवा नाणी काढलेली असत. स्मिथ यांनी अशा प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग चितारला. पेल्यांच्या पंजीवर काळ्या झग्यातील व्यक्ती सांडलेल्या तीन पेल्यांकडे खिन्नपणे पाहत उभी आहे. तिच्या पाठीमागे दोन पेले अजून उभे आहेत आणि नदीपलीकडे जाण्यास पूलही आहे. हानीबरोबरच शिल्लक राहिलेले आणि पुढचा मार्ग, हे दोन्ही अर्थ चित्रातूनच सुचतात. तलवारींच्या तिर्रीवर पावसाळी ढगांपुढे तीन तलवारींनी विद्ध झालेले हृदय आहे. या रचनेवर पंधराव्या शतकातील 'सोला बुस्का' या इटालियन संचाचा प्रभाव मानला जातो. या प्रसंगचित्रांमुळे अंकपत्त्यांचे अर्थ पाठ न करताही चित्रातील देहबोली, हवामान व वस्तू यांवरून अन्वयार्थ लावणे शक्य झाले.

== उत्तरायुष्य व वारसा ==
१९११ मध्ये स्मिथ यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. पहिल्या महायुद्धानंतर वारसाहक्काने मिळालेल्या पैशातून त्या कॉर्नवॉलमध्ये स्थायिक झाल्या. तेथेच त्यांचे कर्जबाजारी अवस्थेत निधन झाले.

पत्त्यांच्या प्रचलित नावात प्रकाशक रायडर व वेट यांचाच उल्लेख राहिला. स्मिथ यांची आद्याक्षरांची गुंफलेली सही मात्र पत्त्यांच्या चित्रांतच होती. अलीकडे त्यांच्या योगदानाची दखल घेऊन या संचास 'रायडर-वेट-स्मिथ' असेही म्हटले जाते.