सुरतला चुकलेली गाडी आणि बाबासाहेबांचा प्रवास

१९१३ चा जानेवारी महिना. भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानात नुकतेच नोकरीला लागले होते, तेवढ्यात मुंबईहून वडील आजारी असल्याची बातमी आली. ते लगेच निघाले. वाटेत सुरतला गाडी थांबली. वडिलांसाठी थोडी मिठाई घ्यावी म्हणून ते खाली उतरले, आणि तेवढ्यात गाडी सुटली! पुढची गाडी धरून घरी पोचायला उशीर झाला. सुभेदार रामजी शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारीला ते गेले.

आपल्याकडे इच्छापोर-हजिऱ्याच्या कारखान्यांत, उधन्याला, पांडेसऱ्याला कामाला असलेली मराठी माणसं गावी निघाली की हेच स्टेशन गाठतात, हातात मिठाईचा डबा असतोच. पण याच फलाटावर बाबासाहेबांची गाडी चुकली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्याच वर्षी महाराजा सयाजीरावांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले, कोलंबिया विद्यापीठात. परदेशी शिकायला गेलेली पोरं सुट्टी मिळाली की मित्रांबरोबर चार गावं बघून येतात. भीमरावांच्या खिशाला ते परवडणारं नव्हतं, कारण त्याच पैशातून घरीही पाठवायचे. त्यांची भटकंती म्हणजे जुन्या पुस्तकांची दुकानं. असं करत सुमारे २००० पुस्तकं जमली म्हणतात.

सोबतीला होता नवल भथेना, पारशी मित्र. दोघं लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात एकत्र राहिले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे लंडनचं शिक्षण पुरं करायला याच भथेनांनी पैशाची मदत केली. वसतिगृहात, वर्गात, खाणावळीत कुणी जात विचारत नव्हतं. अमेरिका आणि इंग्लंड मिळून चारेक वर्षं अशी गेली, की आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. माझ्या मते त्या विलायतवारीत त्यांना मिळालेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, पदव्यांपेक्षाही मोठी. १९१५ ला एम.ए. झाले, १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, मग लंडन. तिथला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये परतावं लागलं, कारण शिष्यवृत्ती संपली होती. सामान वेगळ्या बोटीने येत होतं, ती बोट महायुद्धात बुडाली. पुस्तकं गेली.

करार पाळायला ते बडोद्याला गेले आणि जाणीव परत आली, तीही स्टेशनवर उतरतानाच. जायचं कुठे? हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, रोजचं भाडं दीड रुपया. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे. न्यूयॉर्कमध्ये जीव लावणारा मित्र पारशी, आणि इथे काठी उगारणारेही पारशीच! संस्थानात एवढा मोठा अधिकारी, पण शहरात एक खोली मिळेना. बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले. मग रात्रीच्या गाडीने मुंबईकडे. ती वाटही सुरतवरूनच जाते.

पुढे लंडनला जाऊन त्यांनी एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी पुरी केली. ते सगळ्यांना माहीतच आहे.

मित्रांबरोबरची खरी सहल घडली ती १९३४ साली, आपल्याच मुलखात. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला, वेरूळची लेणी बघू या. तीसेक माणसं नाशिकहून निघाली. निजामाचं राज्य, म्हणून वाटेत आपली ओळख सांगायची नाही असं ठरलं होतं. दौलताबादला किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला हौद दिसला. धुळीने माखलेल्या मंडळींनी तोंडं धुतली, पाय धुतले. एवढ्यात पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ ओरडत आले, हौद बाटवला म्हणून. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी चिडून विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि आम्ही मुसलमान झालो असतो तरी अडवलं असतं का? जमाव गप्प झाला.

शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर: आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ती अट पाळली जाते की नाही हे बघायला एक हत्यारबंद शिपाई त्यांच्याबरोबर किल्ल्यात गेला.