बहात्तराव्या वर्षी बहरलेली कला

सतराव्या शतकात चीन-जपानमधून जहाजांनी येणाऱ्या काळ्याभोर, झळाळत्या लाखकामाच्या पेट्या-कपाटांनी युरोपातील श्रीमंतांना भुरळ घातली. त्या लेपासाठी लागणारा झाडाचा चीक युरोपात मिळत नसे. त्यामुळे भारतातून येणारी लाख मद्यार्कात विरघळवून तिचे थरावर थर द्यायचे, घासून चकाकी आणायची आणि त्यावर सोनेरी पक्षी, झाडे रंगवायची, असा पर्याय तेथे रूढ झाला. 'जपानिंग' या नावाच्या या कामाची कृती सांगणारा स्टॉकर व पार्कर यांचा ग्रंथ १६८८ मध्ये निघाला. पुढे हे काम प्रतिष्ठित स्त्रियांचा विरंगुळा बनले. या विरंगुळ्यात रमलेल्या स्त्रियांपैकी एक म्हणजे मेरी डेलनी.

मेरी यांचा जन्म १४ मे १७०० रोजी इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या सतरा वर्षांच्या असताना काकांनी त्यांचा विवाह वयाने सुमारे चाळीस वर्षांनी मोठ्या असलेल्या अलेक्झांडर पेंडार्व्हिस यांच्याशी लावून दिला. मद्यासक्त पतीसोबतचा हा संसार कष्टाचाच ठरला. १७२५ मध्ये पतीचे निधन झाले. मृत्युपत्रात बदल करायचा राहून गेल्याने त्यांच्या इस्टेटीचा मोठा वाटा मेरी यांना मिळाला नाही. मिळाले ते मात्र स्वातंत्र्य. लंडनमध्ये त्या भरतकाम, शिंपल्यांची सजावट यांत रमल्या. १७२९ मध्ये शहरभर पसरलेले लाखकामाचे वेड त्यांनाही लागले. बहिणीला लिहिलेल्या पत्रांत त्याचा उल्लेख आढळतो.

१७४३ मध्ये माहेरच्यांची नाराजी पत्करून त्यांनी आयरिश धर्मगुरू पॅट्रिक डेलनी यांच्याशी स्वेच्छेने विवाह केला. डब्लिनजवळचे घर व बाग दोघांनी हौसेने सजविली. १७६८ मध्ये पॅट्रिक यांचे निधन झाले आणि त्या पुन्हा एकाकी झाल्या.

१७७२ मध्ये पोर्टलंडच्या डचेस या मैत्रिणीच्या घरी मुक्कामास असताना त्यांना लाल कागद आणि जिरेनियमची पाकळी यांच्या रंगातील साम्य जाणवले. त्यांनी कागद कातरून फूल साकारले. ते पाहून डचेसची फसगत झाली! काळ्या रंगविलेल्या कागदावर रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून त्यांनी पुढील दहा वर्षांत ९८५ वनस्पतिचित्रे घडविली. ती काळी जमीन पाहताना लाखकामाची आठवण होते. प्रत्येक चित्रासोबत वनस्पतीचे शास्त्रीय नाव नोंदविलेले असे. त्यांच्यासाठी क्यू येथील राजोद्यानातूनही रोपे येऊ लागली. १७८२ मध्ये दृष्टी मंदावल्याने हे काम थांबले. राजे तिसरे जॉर्ज यांनी त्यांना विंडसर येथे घर आणि वर्षाला ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले.

१५ एप्रिल १७८८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचे दहा खंड १८९७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाले. स्त्रियांचा वेळ जावा म्हणून शिकविल्या जाणाऱ्या हस्तकलांनी त्यांच्या हाताला जे वळण लावले होते, ते सत्तरी उलटल्यावर असे सार्थकी लागले.