एक्सप्लेनर : राज्य हातचं गेलं, तंजावरच्या सरफोजीराजांनी मराठीत नृत्यं रचली, काय आहे निरूपण?

आज ज्याला भरतनाट्यम म्हणतात, त्या नृत्यासाठी दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या दरबारात चक्क मराठीत रचना होत होत्या. रचणारे होते भोसले कुळातले सरफोजीराजे दुसरे.

भोसले तिकडे कसे पोहोचले?

बीडहून वेरूळला जाणाऱ्यांना मालोजीराजांची गढी माहीत असते. मालोजींचे पुत्र शहाजीराजे आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी. शिवरायांच्या या सावत्र भावाने १६७० च्या दशकात तंजावर घेतलं.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं आणि लगेच राजांचं निधन झालं. गादीवर अमरसिंह बसले. मुलाच्या शिक्षणाकडे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी लक्ष दिलं. १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षीच्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला, आजूबाजूचा थोडा मुलूख, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. वय अवघं २२.

लढायला फौज नाही, चालवायला राज्य नाही. मग त्यांनी ग्रंथ जमवले, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना काढला. धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. या यादीत त्यांच्या नृत्यरचना मात्र सहसा राहूनच जातात.

निरूपण म्हणजे काय?

एकच कथा १८ छोट्या रचनांतून सांगायची. सुरुवात जय जय, शरणु शरणु यांनी. पुढे अलारु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, जक्किणी, प्रबंध आणि शेवटी मंगल. अट एकच, पण कडक : सगळ्या रचना एकाच रागात, एकाच तालात. शिव-पार्वतीच्या कथेवरचं कुमारसंभव निरूपण त्यातलंच.

याच्याशी जुळणारा प्रकार युरोपात होता. ल्यूट हे तारा छेडून वाजवायचं वाद्य. ड्रेस्डेनच्या दरबारातले सिल्वियस वाइस (१६८७-१७५०) त्यावर आलमांद, कूरांत, साराबांद, जीग अशी नृत्यं एकामागून एक वाजवण्यासाठी रचत. या माळेला स्वीट म्हणतात. त्यात सगळ्या नृत्यांची पट्टी साधारणपणे एकच, ताल मात्र बदलतो. सरफोजींनी ती सूटही घेतली नाही. राग-ताल बदलणार नसेल, तर रंगत आणायची ती शब्दांनी, बोलांनी आणि अभिनयाने. काम अवघडच.

या संग्रहाचं नाव आहे कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस. तमिळमधल्या कोर्वैचा अर्थ ओवलेली माळ. जिन्नस मात्र आपल्या किराण्याच्या यादीतलाच!

पुढे काय झालं?

सरफोजी १८३२ मध्ये वारले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारसाविना गेले आणि कंपनीने उरलेलंही ताब्यात घेतलं. याच दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू या चार भावांनी घडवलेला क्रम आज भरतनाट्यममध्ये रूढ आहे. त्यात अलारिप्पू, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना आहेत, पण सगळ्यांना एकच राग-ताल ही अट नाही. मराठी शब्दही रंगमंचावर क्वचितच ऐकू येतात. सरस्वती महाल ग्रंथालयाने हा संग्रह छापला आहे.