जिराफाच्या हाडात कागद लपवणाऱ्या शास्त्रज्ञाने जनुकांचा स्विच कसा शोधला?

साल 1940. पॅरिसवर नाझींचा कब्जा होता. तिथल्या सोरबोनमध्ये जाक मोनो बॅक्टेरियांना एकाच वेळी दोन साखरा खाऊ घालत होते. समजा ग्लुकोज आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर.

कुणालाही वाटेल, बॅक्टेरिया दोन्ही एकदम फस्त करतील. पण नाही. ते आधी ग्लुकोज संपवायचे, मग वाढ चक्क थांबायची आणि थोड्या वेळाने लॅक्टोजवर पुन्हा सुरू व्हायची. पंगतीत आधी जिलेबी संपवून मगच भाताला हात लावणारे असतात ना, तसंच. मधल्या थांब्यात काय होतं, या प्रश्नाने मोनोंना पुढची वीस वर्षं सोडलं नाही.

चित्रकाराचा हा मुलगा चेलोही वाजवायचा. युद्धात ते भूमिगत चळवळीत उतरले. लॅबबाहेर जिराफाचा सांगाडा होता, त्याच्या पायाच्या हाडांत ते गुप्त कागद लपवायचे. गेस्टापोची भीती वाढल्यावर सोरबोन सुटलं, पण पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंद्रे ल्वॉफ यांनी त्यांना प्रयोगांसाठी जागा दिली.

लॅक्टोज फोडायला खास एन्झाइम लागतं आणि थांब्यात बॅक्टेरिया तेच बनवत असतात, एवढं कळलं. मोनोंचा अंदाज होता की लॅक्टोजच ते बनवायचा हुकूम देतं. मग फ्रान्स्वा जाकोब आणि आर्थर पार्डी यांच्यासोबत त्यांनी एक प्रयोग केला. एन्झाइमचं जनुक नसलेल्या बॅक्टेरियात ते जनुक सोडलं. लॅक्टोज नसतानाही एन्झाइम लगेच बनायला लागलं आणि काही वेळाने थांबलं.

म्हणजे जनुक मुळात चालूच होतं, नंतर कुणीतरी येऊन ते बंद करत होतं! मोनोंचा लाडका अंदाज उलटा पडला, आणि त्यांनी तो सोडला. डीएनएवर एक प्रोटीन कुलपासारखं बसतं. लॅक्टोज आलं की त्यातून बनलेला रेणू ते कुलूप काढतो. 1961 मध्ये मोनो आणि जाकोब यांनी हे 'ऑपेरॉन' मॉडेल सविस्तर मांडलं. 1965 मध्ये दोघांना ल्वॉफ यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पण ग्लुकोज असेपर्यंत स्विच दबलेला का राहतो? याचा एक धागा 1968 मध्ये सापडला. सायक्लिक एएमपी नावाचा रेणू हा दाब उठवतो, हे मोनोंसोबत दाखवलं अ‍ॅग्नेस उलमान यांनी. त्याच उलमान, ज्यांना कम्युनिस्ट हंगेरीतून 1960 मध्ये लपवून बाहेर काढायला मोनोंनीच मदत केली होती.