रिबेका क्रम्प्लर : विस्मरणात गेलेली पहिली डॉक्टर

अमेरिकेत १८६० साली ५४ हजारांहून अधिक डॉक्टर होते. त्यांत स्त्रिया जेमतेम तीनशे आणि कृष्णवर्णीय स्त्री एकही नव्हती. त्याच वर्षी रिबेका ली यांना बोस्टनच्या न्यू इंग्लंड फीमेल मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला.

८ फेब्रुवारी १८३१ रोजी डेलावेअरमध्ये जन्मलेल्या रिबेका पेनसिल्व्हेनियात नात्यातील एका स्त्रीकडे वाढल्या. आजारी शेजाऱ्यांची शुश्रूषा हा त्या घरचा नित्यक्रम होता. रिबेकांचे खरे शिक्षण तिथेच सुरू झाले. पुढे चार्ल्सटाउन येथे आठ वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर तिथल्या डॉक्टरांच्या शिफारशीने महाविद्यालयाचे दार उघडले. शिक्षण सुरू असतानाच १८६३ मध्ये पती वायट ली यांचे क्षयाने निधन झाले. पदवी देताना अध्यापकांनी खळखळ केली. तरीही १ मार्च १८६४ रोजी त्या डॉक्टर झाल्या. ती संस्था १८७३ मध्ये बोस्टन विद्यापीठात विलीन झाली. तोवर तिथून पदवी घेतलेल्या त्या एकमेव कृष्णवर्णीय ठरल्या.

यादवी युद्ध संपताच, गुलामगिरीतून निसटलेले दुसरे पती आर्थर क्रम्प्लर यांच्यासह त्या व्हर्जिनियातील रिचमंडला गेल्या. तिथे तीस हजारांवर कृष्णवर्णीय राहत होते. नुकत्याच मुक्त झालेल्या या लोकांना गोरे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी विभागाबरोबर रिबेकांनी त्यांच्यावर उपचार केले. औषधविक्रेते त्यांच्या चिठ्ठ्यांवर औषध देण्यास कुरकुरत, सहव्यावसायिक तुच्छतेने वागत.

१८६९ च्या सुमारास बोस्टनला परतल्यावर जॉय स्ट्रीटवरील घरी त्यांनी स्त्रिया व मुलांवर उपचार सुरू केले. पैसे मिळोत न मिळोत, रुग्ण परत पाठवला जात नसे. १८८३ मध्ये त्यांनी बालसंगोपन आणि स्त्रियांच्या विकारांवर पुस्तक लिहिले. सामान्य माता आणि परिचारिकांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेतील त्रोटक आत्मकथन नसते, तर त्यांच्याविषयी आज फारसे काही हाती लागले नसते.

९ मार्च १८९५ रोजी हाइड पार्क येथे त्यांचे निधन झाले. पुढे कित्येक दशके पहिलेपणाचा मान रिबेका कोल यांच्याकडे राहिला. कोल यांची पदवी १८६७ ची, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची; आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये याच महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. क्रम्प्लर यांचे खात्रीचे छायाचित्रही उपलब्ध नाही. त्यांच्या नावाने फिरणारी चित्रे इतर स्त्रियांची आहेत. फेअरव्ह्यू दफनभूमीतील त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. लोकवर्गणीतून तो बसवला गेला १६ जुलै २०२० रोजी.