पांढरीतला इतिहास : डॉ. ह. धी. सांकलिया

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेणमाती आणि पडक्या भिंतींचा चिखल एका जागी साचत गेला की तिथली माती पांढुरकी होते. गाव उठून गेले तरी ती तिथेच राहते. पुढे शेतकरी तीच माती गाड्या भरभरून नेतात व शेतात टाकतात, कारण ती खताच्या तोडीची असते. उकरताना खापरे निघतात, मणी निघतात, कधी आख्खा रांजणही निघतो. या टेकाडांना ज्यांनी महाराष्ट्राच्या इतिहासाची बखर मानले आणि ती वाचण्यासाठी उभी हयात वेचली, त्या डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या जीवनकार्याचा परिचय येथे करून देत आहे.

डॉ. सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. जन्मतः ते इतके अशक्त होते की हे मूल जगेल अशी घरच्यांना आशा नव्हती. पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचे गुजराती भाषांतर पडले. त्या वयात त्यांना त्यातले फारसे उमगले नाही, परंतु आर्यांचा शोध घ्यायचा हे मनाने घेतले. त्यासाठी टिळकांप्रमाणे संस्कृत आणि गणित आले पाहिजे, असेही त्यांनी ठरवून टाकले. पंधराव्या वर्षीचे असे संकल्प बहुतेकांचे वाऱ्यावर जातात. यांचा टिकला.

पुढे मुंबईत फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला; तो १९३४ साली पुस्तकरूपाने निघाला. कायद्याची पदवीही घेतली, पण वकिली त्यांच्या नशिबी नव्हती. लंडनला जाऊन त्यांनी गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच. डी. केली. तिथे असताना सर मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननावर त्यांनी उमेदवारी केली. मातीचे थर कसे ओळखायचे, एकेका थरातील वस्तू वेगळ्या कशा ठेवायच्या, नोंदी कशा करायच्या, हे शिक्षण त्यांना तिथे मिळाले. ग्रंथ वाचून इतिहास लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ होते. चर खणून, उन्हात उभे राहून तो लिहिणारे मोजकेच.

१९३४ साली बंद पडलेले पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ च्या ऑगस्टमध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि सांकलिया तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. टिळकांचा ग्रंथ वाचून ज्याने वाट धरली, तो मुलगा टिळक ज्या कॉलेजात शिकले तिथेच शिकवायला आला, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

त्या काळी महाराष्ट्राचा इतिहास साधारणतः अशोक आणि सातवाहन यांच्यापासून सुरू होत असे. त्याआधी काय, तर दंडकारण्य! निबिड अरण्य, माणसाची वस्ती नाही, असाच एकूण समज. सांकलियांनी हा समज वादविवाद करून खोडून काढला नाही, तर ते नदीकाठाने चालू लागले. त्यांची पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. नदीच्या कापलेल्या दरडीत वाळूगोट्यांचे थर दिसतात. त्यांत दगडी हत्यारे सापडतात का ते पाहायचे. काठावर पांढरीचे टेकाड दिसले की त्यावरून फिरायचे, खापरे वेचायची, गावाचे व नदीचे नाव लिहून पिशवीत भरायची. मग पुढचे गाव. यालाच शास्त्रीय भाषेत समन्वेषण म्हणतात. आपल्या विद्यार्थ्यांनाही ते पीएच. डी. साठी एखादे नदीखोरे किंवा एखादा प्रदेश नेमून देत आणि तो पायाखाली घालायला लावीत. उत्खनन त्यानंतरचे. आधी चालल्याशिवाय कुठे खणायचे हे कळणार कसे?

गुजरातमध्ये लांघणज येथे त्यांना इरावती कर्वे यांच्याबरोबर काम करताना अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले. १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर त्यांनी डॉ. मो. गं. दीक्षित यांच्यासह उत्खनन केले. याच टेकडीवर त्याच्या थोडे आधी ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची, कांस्यमूर्ती सापडली होती. पंचगंगेच्या काठी ग्रीकांचा देव! पण आपल्या पैठणचे व तेरचे नाव एका ग्रीक खलाशाने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे हे ठाऊक असले, म्हणजे याचे तितके नवल वाटत नाही.

खरा पालट झाला तो १९५०-५१ मध्ये, संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावी. प्रवरेच्या काठच्या या गावात तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली होती. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी तिथे खणले तेव्हा तांबूस रंगाची, चाकावर घडवलेली, वर काळ्या रंगात नक्षी असलेली सुबक भांडी निघाली. काहींना बाजूला तोटी होती. सातवाहनांच्या कितीतरी शतके आधी इथे तांबे आणि दगड दोन्ही वापरणारे शेतकरी नांदत होते, हे आता उघड झाले. या संस्कृतीला जोर्वे संस्कृती असेच नाव पडले. एका साध्या खेड्याचे नाव जगाच्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत गेले!

आपल्या शहरातून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले की कायगाव टोक्यापाशी गोदावरी ओलांडावी लागते. तिथेच प्रवरा तिला मिळते. थोडे पुढे गेले की नेवासा फाटा. नेवासा आपल्याला माहीत आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. तिथे प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचे टेकाड आहे. १९५४ ते ५६ आणि पुन्हा १९५९ ते ६१ अशी वर्षे सांकलिया आणि त्यांचे सहकारी या टेकाडावर राबले. वरून खाली जावे तसा काळ मागे जात होता. सर्वांत वर मुसलमानी व मराठा काळ, त्याखाली सातवाहन, त्याखाली ताम्रपाषाणयुगीन शेतकरी; आणि नदीच्या थरांत त्याहून कितीतरी जुनी अश्मयुगीन हत्यारे. सातवाहन थरांत रोमन कुंभांचे तुकडे मिळाले. या दोन कानांच्या कुंभांत मद्य भरून ते जहाजाने आणले जाई. भडोचच्या बंदरातून किंवा कोकणातून घाट चढून हा माल इथवर येत असणार. म्हणजे नेवाशाच्या बाजारात परदेशी माल खपत होता.

पण मला त्या रोमन कुंभांपेक्षा खालच्या थरातले कुंभ अधिक महत्त्वाचे वाटतात. ताम्रपाषाणयुगातील ही माणसे आपली दगावलेली लहान मुले दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. नेवाशाला अशी दफने पुष्कळ मिळाली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि तांब्याच्या गंजामुळे तिच्यातला दोराही थोडा टिकून राहिला होता. तीन हजार वर्षांपूर्वी कुणा आईने ओवलेला तो दोरा. आपल्याकडे आजही लहान मूल गेले तर दहन न करता पुरतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. आजीच्या आधीच्या पिढ्यांची नावेही आमच्या घरी कुणाला सांगता येत नाहीत. राजांच्या वंशावळी ताम्रपटांवर कोरलेल्या असतात, आमच्यासारख्यांच्या कुठे असणार? असल्या तर या पांढरीतच. म्हणून सांकलियांचे काम मला परक्या विषयातले वाटत नाही.

वास्तविक ते निघाले होते आर्यांच्या शोधात. महेश्वर-नावडातोलीच्या भांड्यांचे साम्य त्यांनी इराणातल्या भांड्यांशी दाखवले आणि ही माणसे पश्चिमेकडून आली असावीत, असे प्रतिपादन केले. हे मत पुढे टिकले नाही. आज बहुतेक अभ्यासक या संस्कृतींची वाढ इथलीच मानतात. १९७३ साली रामायणावर लिहिताना त्यांनी रावणाची लंका मध्य भारतात असावी असे मांडले, तेव्हाही मोठे वादळ उठले. त्यांची अनुमाने धाडसी असत हे कबूल केलेच पाहिजे. पण ज्या पुराव्यावर त्यांना खोडून काढायचे, तो बराचसा पुरावा त्यांनीच खणून, मोजून, चित्रांसह छापून ठेवला होता. आर्य शोधायला गेलेल्या माणसाला शेतकरी सापडले आणि त्याने त्यांची नोंद प्रामाणिकपणे केली, हीच मला त्यांची थोरवी वाटते.

१९६८ पासून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे काम सुरू झाले. डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. अन्सारी हे त्यांचे तेथील सहकारी. इतर ठिकाणी दोन-चार चर घेऊन थांबत, इथे गावच्या गाव उलगडले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, पाण्याचा पाट, धान्याचे कोठार, मातीच्या पेटीत ठेवलेली बिनडोक्याची देवी. प्रौढांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले दिसले, बहुधा मेलेल्याने उठून चालू नये म्हणून. इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊस कमी झाला, तशी चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती घटून शेळ्यामेंढ्या वाढल्या. मराठवाड्याच्या माणसाला हा थर समजावून सांगावा लागत नाही!

याच पद्धतीचा हात पुढे आपल्या भागालाही लागला. १९७३ साली मराठवाडा व नागपूर विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले, त्यात डॉ. देव होते, तिथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीचे इटलीतील पाँपेई येथील मूर्तीशी विलक्षण साम्य आहे. १९७६ साली डेक्कन कॉलेजने पैठण तालुक्यातील आपेगावी खणले, आणि ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांच्या गावाखालीही जोर्वे संस्कृतीची भांडी निघाली.

सांकलिया १९७३ साली निवृत्त झाले आणि १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. भारत व पाकिस्तानच्या प्रागितिहासावरील त्यांचा ग्रंथ अनेक वर्षे विद्यार्थ्यांचा आधार होता. डॉ. म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी महाराष्ट्राच्या पुरातत्त्वावर मराठीतही पुस्तक लिहिले. इंग्रजीला बिचकणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. इनामगावचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २८ जानेवारी १९८९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. जे मूल जगेल की नाही अशी शंका होती, ते ऐंशी वर्षे जगले.