जंगलाला खत कोण घालतं? सर अल्बर्ट हॉवर्ड यांची जीवनकहाणी



फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या हिंगोली जिल्ह्यात एक दृश्य हमखास दिसतं. शेतात पऱ्हाट्या-तुराट्यांचे ढीग पेटलेले असतात, तर शाळेच्या मैदानात झाडून गोळा केलेला पाला धुमसत असतो. याच दिवसांत जिथे थोडंफार जंगल उरलंय तिथे साग आणि पळस पानं गाळतात. तिथे कुणी झाडत नाही, की युरियाचं पोतं ओतत नाही. तरी पाऊस पडला की जंगल पुन्हा हिरवंगार होतं! मग जंगलाला खत घालतं कोण? हा प्रश्न मनावर घेऊन आयुष्यभर काम केलेल्या माणसाची आज ओळख करून घेऊया.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील बिशप्स कॅसल या गावी शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन १८९९ मध्ये ते वेस्ट इंडिजला बुरशीतज्ज्ञ म्हणून गेले. तिथे पिकांच्या रोगांवर सल्ला द्यायचा, पण तो करून पाहायला स्वतःचं वावर मात्र नाही! ही गोष्ट त्यांना फार खटकली. १९०५ मध्ये ते भारतात बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत आले. तिथे त्यांना ७५ एकर जमीन मिळाली. आसपासच्या शेतकऱ्यांना आणि पिकावरच्या किडींनाच त्यांनी आपले गुरू मानलं. कीड पडली म्हणजे पिकाचं किंवा जमिनीचं काहीतरी बिघडलंय, असं ते समजत.

या सगळ्या कामात त्यांच्या पत्नी गॅब्रिएल बरोबरीने होत्या. त्या स्वतः केंब्रिजच्या नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. पुसाचे सुधारित गहू हे दोघांच्या मेहनतीचं फळ. पण पुढे हॉवर्ड यांची घुसमट होऊ लागली. वनस्पतीचा विभाग वेगळा, मातीचा वेगळा, किडींचा वेगळा. शेतात मात्र हे सगळं एकत्रच नांदतं! शेवटी १९२४ मध्ये दोघे इंदूरला गेले. तिथे होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर आणि मध्यवर्ती कापूस समितीच्या अनुदानावर नवी संस्था उभी राहिली.

इथे आपण जरा कान टवकारूया. इंदूरची माती म्हणजे माळव्याची काळी जमीन. आपल्यासारखीच बेसाल्ट खडकापासून बनलेली, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात चिकट होणारी. पिकंही ओळखीचीच, कापूस आणि तूर. शेतकऱ्याची अडचणही तीच होती: शेण चुलीत जातं, तर जमिनीला काय द्यायचं?

हॉवर्ड यांना उत्तर सापडलं जंगलात. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या जंगलात काय होतं बघा. गळलेल्या पानांची पावसाळ्यात ओल धरते. वाळवी आणि गांडुळं त्यांचे तुकडे करतात, बुरशी व जिवाणू त्यांना कुजवतात. थंड देशात ज्या कामाला अनेक वर्षं लागतात, ते इथे ऊब आणि ओल मिळाल्यावर झपाट्याने होतं. सुटी झालेली अन्नद्रव्यं मुळं आणि मुळांशी जोडलेल्या बुरशा लगेच उचलतात आणि ती पुन्हा पानांत जातात. म्हणजे जंगलाची ठेव जमिनीत पडून राहत नाही, ती सतत फिरती असते. म्हणूनच जंगल तोडलं की ही साखळी तुटते आणि उरलेलं सत्त्व पावसाबरोबर वाहून जातं.

हे चक्र शेतात आणायचं कसं? इथे एका मराठमोळ्या नावाची नोंद घ्यायलाच हवी: यशवंत वाड. इंदूरच्या संस्थेत ते रसायनशास्त्राचं काम पाहत. हॉवर्ड आणि वाड यांनी मिळून जी पद्धत बसवली, तीच पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. साधारण दोन फूट खोल खड्ड्यात काडीकचरा आणि पाल्याचा थर, त्यावर शेण, मग गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख. असे थरावर थर. खड्डा उथळ, कारण आत हवा खेळली पाहिजे. ढीग तीनदा वरखाली करायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार! पऱ्हाट्या-तुराट्या टणक असतात ना? त्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली आपोआप चुरडतात. किती साधी युक्ती!

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी इंदूर सोडलं. त्याच वर्षी शेतातील टाकाऊ पदार्थांवरचं त्यांचं पुस्तक आलं, त्यावर वाड यांचंही नाव आहे. १९३४ मध्ये हॉवर्ड यांना ‘सर’ किताब मिळाला आणि १९४० मध्ये त्यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. सेंद्रिय शेतीच्या जनकांमध्ये जग त्यांना मोजतं. मुलांना सांगताना गॅब्रिएल आणि वाड ही दोन नावंही सांगा, कारण ही पद्धत एकट्या माणसाने घडवलेली नाही.

हॉवर्ड यांचं सगळंच म्हणणं आज जसंच्या तसं मान्य नाही, हेही सांगायला हवं. रासायनिक खतांना त्यांचा कडक विरोध होता. पण जंगलातलं पान जंगलातच पडतं आणि आपलं सोयाबीन, आपली हळद मात्र बाजारात जाते. त्यासोबत गेलेलं स्फुरद-पालाश फक्त पाला कुजवून पूर्ण भरून निघत नाही. शिवाय खतासाठी पाणी आणि मजुरीही लागते. म्हणून माती परीक्षण करून गरजेपुरतं खत देणं शहाणपणाचं. पण पाला पेटवल्यावर त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत उडून जातो. उरलेली राख वाऱ्या-पावसाने निघून जाते. मग तोच नत्र आपण पुन्हा पैसे मोजून आणतो!

वर्गासाठी उपक्रम: शाळेच्या कोपऱ्यात तीन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या. मैदानातला पाला, शेण, माती आणि थोडी राख यांचे थर द्या. मध्यान्ह भोजनाचे तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी शिंपडा. मूठ दाबली तर ओल लागावी, पाणी गळू नये. शेजारी तेवढाच कोरडा पाला तसाच ठेवा. तिसऱ्या, पाचव्या आणि नवव्या आठवड्यात ढीग वरखाली करा. दर वेळी रंग, वास, ऊब आणि दिसणारे किडे मुलांना वहीत लिहू द्या. पालकहो, घरी बांधावरच्या पऱ्हाट्या पेटवण्याआधी आपल्या लेकराला ती वही दाखवायला सांगा.

जंगलाला खत कोण घालतं, याचं उत्तर मग मुलंच तुम्हाला सांगतील.